मुंबईबाहेरचा अमोल मुझुमदार

मालवण तालुक्यातील आचरे गावाची गावपळण आता कोकणाबाहेरही ठाऊक झाली आहे. ग्रामदैवत श्री देव रामेश्वराचा कौल मिळाला की काही वर्षांच्या अंतराने सारे गाव घरे बंद करून, गुराढोरांसह वेशीबाहेर पडते. तीन दिवस आणि तीन रात्री रानात झोपड्या उभारून काढायच्या आणि पुन्हा देवाच्या कौलाने परतायचे, अशी ही प्रथा. घर सोडणे म्हणजे घराशी नाते तोडणे नव्हे, हे कोकणी माणसाला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. सिंधुदुर्गातल्या बहुतेक घरांतून कोणी ना कोणी चाकरमानी म्हणून मुंबईला गेला आणि गणपतीला परत आला.

आचऱ्याचे नाव आडनावात वागवणारे रमाकांत आचरेकर यांचा जन्म १९३२ सालचा, मालवणचा. मुंबईत त्यांनी न्यू हिंद स्पोर्ट्स क्लब, यंग महाराष्ट्र इलेव्हन, गुलमोहर मिल्स, मुंबई पोर्ट अशा अनेक संघांकडून क्रिकेट खेळले. प्रथम श्रेणीचा मात्र एकच सामना त्यांच्या वाट्याला आला. १९६३-६४ च्या मोसमात मोईन-उद-दौला स्पर्धेत स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध. खेळाडू म्हणून जे राहून गेले ते त्यांनी शिवाजी पार्कवर शिष्यांकडून करून घेतले. होतकरू मुलगा दिसला की त्याची शाळा बदलण्याचा सल्ला ते देत. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या शाळेतून दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात आला तो त्यांच्याच सांगण्यावरून. चांगल्या सामन्यांसाठी चांगला संघ हवा आणि त्यासाठी प्रसंगी संघ बदलावा लागला तरी हरकत नाही, एवढे साधे गणित त्यामागे होते.

बी. पी. एम. शाळेतून शारदाश्रमात आलेला अमोल मुझुमदार हाही त्यांचाच शिष्य. ज्या मुंबईच्या संघाला त्याने आपल्या उमेदीची पंधरा वर्षे दिली, तो संघ त्याने पस्तिशीच्या उंबरठ्यावर सोडला. आधी आसामकडून आणि मग आंध्रकडून तो खेळला. भारताची कसोटी टोपी त्याला कधीच मिळाली नाही. मात्र २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी पहिला एकदिवसीय विश्वचषक उंचावला, तेव्हा त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक तोच होता. उतारवयात संघ बदलणाऱ्या खेळाडूच्या हाती नेमके काय लागते, हा प्रश्न त्याच्या कारकिर्दीच्या निमित्ताने तपासून पाहण्यासारखा आहे.

पॅड बांधून बसलेला मुलगा

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस ढाल स्पर्धेचा उपांत्य सामना. शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकरने नाबाद ३२६ आणि विनोद कांबळीने नाबाद ३४९ धावा केल्या आणि दोघांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली. ही कथा क्रिकेटप्रेमींना तोंडपाठ आहे. या भागीदारीनंतर फलंदाजीला येणारा मुलगा तंबूत पॅड बांधून वाट पाहत होता. तेरा वर्षांच्या अमोलची पाळी त्या डावात आलीच नाही. पुढे हा प्रसंग त्याच्या साऱ्या कारकिर्दीचे रूपक म्हणून इतक्यांदा सांगितला गेला की त्याची स्वतःची कामगिरी त्यामागे झाकली गेली.

ती कामगिरी किरकोळ नव्हती. १९९३-९४ च्या मोसमात फरिदाबादला हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणातच त्याने २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातील ही तेव्हाची जगातील सर्वोच्च खेळी होती. हा विक्रम पाव शतकाच्या आसपास टिकला. डिसेंबर २०१८ मध्ये मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने तो मोडला आणि २०२२ मध्ये बिहारच्या साकिबुल गनीने ३४१ धावा करून आणखी पुढे नेला. १९९३-९४ च्या त्या मोसमात रवी शास्त्रीच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडकही जिंकला. १९ वर्षांच्या या फलंदाजाला ‘दुसरा तेंडुलकर’ म्हटले जाऊ लागले. १९९४ मध्ये १९ वर्षांखालील भारतीय संघाचा उपकर्णधार आणि त्यानंतर राहुल द्रविड, सौरव गांगुली यांच्यासह भारत ‘अ’ संघात स्थान, एवढा प्रवास झपाट्याने झाला.

पुढचे दार उघडले नाही. १९९६ मध्ये लॉर्ड्सवर गांगुली आणि द्रविड यांनी एकाच कसोटीत पदार्पण केले. तेंडुलकर आधीच होता, लक्ष्मण मागोमाग आला. भारताच्या मधल्या फळीत पुढची दहा-बारा वर्षे जागा रिकामीच झाली नाही. मुझुमदार मात्र धावा करीत राहिला. कारकिर्दीच्या अखेरीस त्याच्या नावावर १७१ प्रथम श्रेणी सामन्यांत ११,१६७ धावा आणि ३० शतके होती, सरासरी ४८.१३. इतर कोणत्याही दशकात एवढ्या धावांना कसोटीची किमान एक संधी मिळाली असती, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

करंडक उंचावला आणि घर सुटले

देशाची टोपी न मिळालेल्या खेळाडूसाठी राज्याचा संघ हेच सर्वस्व असते. २००६-०७ च्या मोसमात मुझुमदार मुंबईचा कर्णधार होता. मोसमाची सुरुवात मुंबईच्या इभ्रतीला धक्का देणारी होती; पहिले सामने गमावून संघ तळाशी गेला होता. तिथून तो उठला. बडोद्याविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुसऱ्या डावात एकही धाव फलकावर लागण्याआधी मुंबईचे पाच गडी बाद झाले होते. तोही सामना मुंबईने जिंकला. फेब्रुवारी २००७ मध्ये वानखेडेवर बंगालविरुद्ध अंतिम सामना झाला. बंगालकडून गांगुली खेळत होता आणि मुंबईच्या संघात तेंडुलकर होता. आझाद मैदानावर ज्याच्या फलंदाजीमुळे तंबूत बसून राहावे लागले होते, तो आता मुझुमदारच्या नेतृत्वाखाली खेळत होता. मुंबईने करंडक जिंकला. त्याच मोसमात रणजीत मुंबईकडून सर्वाधिक धावांचा अशोक मंकड यांचा विक्रमही त्याने मागे टाकला.

यानंतर अवघ्या अडीच वर्षांत तो मुंबईबाहेर होता. २००८-०९ मध्ये कर्णधारपद वासिम जाफरकडे गेले. रोहित शर्मा, अजिंक्य रहाणे यांची पिढी दारात उभी होती. मुंबईच्या क्रिकेटला भावनिक होणे परवडत नाही, ही ख्याती जुनीच. ज्या खडूसपणाचे आपण कौतुक करतो, तो प्रतिस्पर्ध्याला जसा सोडत नाही तसा स्वतःच्या ज्येष्ठ खेळाडूंनाही सोडत नाही. २००९ मध्ये मुझुमदारने आसामचा रस्ता धरला.

संघ बदलतो म्हणजे काय होते?

फुटबॉलमध्ये खेळाडूने क्लब बदलला की कोट्यवधींचे व्यवहार होतात. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलसारख्या खेळातही, जिथे क्लबनिष्ठा घराण्यासारखी जपली जाते, २०१२ पासून ठरावीक वर्षे खेळलेल्या खेळाडूंना करार संपताच अन्य क्लब निवडण्याची मुभा मिळाली. हॉथॉर्न क्लबचा लान्स फ्रँकलिन याच मार्गाने २०१४ च्या मोसमासाठी सिडनीला गेला, तोही नऊ वर्षांच्या करारावर. हॉथॉर्नकडून त्याने दोन अजिंक्यपदे जिंकली होती. सिडनीकडून एकही मिळाले नाही, तीनदा अंतिम सामन्यात हार पत्करावी लागली. पण मार्च २०२२ मध्ये त्याने हजारावा गोल केला तेव्हा सिडनीचे हजारो प्रेक्षक मैदानात धावले. परक्या शहराने त्याला आपले म्हटले होते.

भारतीय क्रिकेटमधली रीत निराळी आहे. येथे क्लब नव्हे, तर राज्य संघटना हे एकक आहे. खेळाडू ज्या संघटनेत नोंदलेला असतो तिच्याकडून त्याला ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. मग दुसरी संघटना त्याला व्यावसायिक खेळाडू म्हणून करारबद्ध करते. एका संघाला असे तीनच बाहेरचे खेळाडू घेता येतात. संघटनांमध्ये खेळाडूची खरेदी-विक्री होत नाही. नव्या संघाकडून खेळाडूला मानधन मिळते आणि त्याच्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. एक, धावा किंवा बळी. दुसरी, स्थानिक मुलांना सोबत घेऊन चालणे. पहिली अपेक्षा धावफलकावर मोजता येते. दुसरी कशातच मोजता येत नाही आणि खरी कसोटी तिचीच असते.

ही वाट नवी नव्हे. संस्थानांच्या काळात आश्रयदात्यांच्या बोलावण्यावरून खेळाडू राज्ये बदलत. इंदूरच्या होळकर संघाने कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली अशा दिग्गजांच्या बळावर चार वेळा रणजी करंडक जिंकला. विजय मांजरेकर तर मुंबई, बंगाल, आंध्र, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि महाराष्ट्र अशा सहा संघांकडून रणजी खेळले. मात्र बाहेरचे मोठे खेळाडू आणले म्हणजे करंडक येतोच असे नाही, हेही त्याच काळाने दाखवले. मांजरेकर, विनू मंकड, सलीम दुराणी यांच्यासारखी माणसे लाभूनही १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात राजस्थान आठ वेळा अंतिम सामन्यात हरला आणि त्यात बहुतेकदा समोर मुंबईच होती.

एकाच आठवड्यात जन्मलेले दोघे

राजस्थानची ही प्रतीक्षा अखेर संपवली ती पुण्याच्या ऋषीकेश कानिटकरने. जानेवारी १९९८ मध्ये ढाक्यात सकलेन मुश्ताकला चौकार मारून भारताला जिंकून देणारा कानिटकर. त्याचा जन्म १४ नोव्हेंबर १९७४ चा. मुझुमदारचा ११ नोव्हेंबर १९७४ चा. दोघेही महाराष्ट्रातले, दोघेही पस्तिशीच्या आसपास आपले घर सोडून दुसऱ्या राज्यात गेलेले. पण फळे वेगळी आली. २०१०-११ च्या मोसमात राजस्थान रणजीच्या खालच्या, प्लेट गटात होता. कानिटकरच्या नेतृत्वाखाली या संघाने थेट करंडकापर्यंत मजल मारली आणि पुढच्या वर्षी तो राखलाही. आसाम आणि आंध्र यांना मुझुमदारच्या काळात असे काही साधले नाही.

हा फरक दोन फलंदाजांच्या गुणवत्तेतला मानणे अन्यायाचे ठरेल. राजस्थानात कानिटकरसोबत दिल्लीचा आकाश चोप्रा आणि ओडिशाचा रश्मी परिदा होते; म्हणजे तिन्ही जागा अनुभवी फलंदाजांनी भरल्या होत्या. त्याच मोसमात दीपक चहर नावाच्या तरुणाने पदार्पणात हैदराबादचे आठ गडी दहा धावांत टिपले आणि प्रतिस्पर्धी संघ अवघ्या २१ धावांत गारद झाला. फलंदाजांनी धावा जमवायच्या आणि स्थानिक गोलंदाजांनी गडी बाद करायचे, अशी कामाची वाटणी तिथे जमून आली. एकटा ज्येष्ठ फलंदाज पराभव लांबवू शकतो. सामना जिंकायला वीस गडी बाद करावे लागतात.

हेच सूत्र विदर्भाने अधिक पक्के केले. मुंबईच्या वासिम जाफरने २०१५-१६ च्या मोसमात नागपूर गाठले तेव्हा तो ३७ वर्षांचा होता आणि ३१ कसोटी खेळून झाल्या होत्या. विदर्भ क्रिकेट संघटनेने त्याआधीच अकादमी उभारून लहान वयोगटांपासून मुले घडवायला घेतली होती. उमेश यादवसारखा वेगवान गोलंदाज विदर्भाने देशाला दिला होता, फैझ फझलसारखा घरचा कर्णधार तयार होता. २०१७ मध्ये मुंबईकर चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. दिल्लीविरुद्ध इंदूरला झालेल्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक केली आणि विदर्भाने जानेवारी २०१८ मध्ये पहिला रणजी करंडक जिंकला. त्यापाठोपाठच्या इराणी करंडक सामन्यात चाळिशी गाठलेल्या जाफरने शेष भारताविरुद्ध २८६ धावा काढल्या. २०१८-१९ मध्ये त्याने १,०३७ धावा केल्या आणि विदर्भाने करंडक राखला. एका रणजी मोसमात हजार धावा करण्याची त्याची ती दुसरी वेळ होती.

संघबदल हा परतीचा मार्गही ठरू शकतो, हे अलीकडे करुण नायरने दाखवले. कसोटीत त्रिशतक करूनही संघाबाहेर फेकला गेलेला हा कर्नाटकी फलंदाज पुढे राज्याच्या संघातूनही वगळला गेला. २०२३ मध्ये तो विदर्भात आला. २०२४-२५ मध्ये त्याने ८६३ रणजी धावा केल्या, अंतिम सामन्यात केरळविरुद्ध ८६ आणि १३५ धावा काढल्या आणि विदर्भाचा तिसरा करंडक निश्चित केला. जून २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये त्याने आठ वर्षांनंतर कसोटी खेळली आणि त्यानंतरच्या रणजी मोसमात तो कर्नाटकात परतला.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. ज्येष्ठ खेळाडू दुसऱ्या राज्यात जाताना धावा, शिस्त आणि मोठ्या संघाची सवय सोबत नेतो. पण रोप कितीही चांगले असले तरी लावायच्या जागी माती तयार असावी लागते. नागपुरात ती होती. आसाम आणि आंध्र यांची तयारी त्या काळात तेवढी झालेली नव्हती, म्हणून मुझुमदारच्या तेथील मोसमांना करंडकाची झालर लागली नाही.

हरणाऱ्या संघात काय शिकायला मिळते

मग ती वर्षे वाया गेली का? २०१४ मध्ये निवृत्त होताना धावफलकाकडे पाहून कोणी तसे म्हटलेही असते. रणजीतील सर्वाधिक धावांचा अमरजित केपी यांचा विक्रम मुझुमदार यांनी मोडला होता, तोही जाफरने मागे टाकला होता. नावापुढे उरला तो ‘भारताकडून न खेळलेला सर्वोत्तम फलंदाज’ हा काहीसा करुण किताब.

पण मुंबईत वाढलेल्या खेळाडूची एक मर्यादा असते. जिंकणे ही त्याला रोजची गोष्ट वाटते. ड्रेसिंग रूममध्ये कसोटीपटू असतात, सरावाला उत्तम गोलंदाज असतात आणि पराभवाची कारणे शोधायला अख्खे शहर बसलेले असते. ज्या संघाला अंतिम सामना ठाऊकच नाही, त्यातल्या तरुणाच्या मनात काय चालते हे शिवाजी पार्कवर राहून कळत नाही. त्यासाठी गुवाहाटी आणि विशाखापट्टणमलाच जावे लागते. निवृत्तीनंतर मुझुमदार यांनी नेदरलँड्सच्या फलंदाजांना मार्गदर्शन केले, राजस्थान रॉयल्सचे फलंदाजी प्रशिक्षकपद सांभाळले आणि २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या भारत दौऱ्यात पाहुण्या संघाचे हंगामी फलंदाजी प्रशिक्षक म्हणूनही काम केले. मुंबईबाहेरचे आणि देशाबाहेरचे हे सारे संघ म्हणजे त्यांची दुसरी शाळा, असे मानायला जागा आहे.

२०२१ मध्ये मुंबईने त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून परत बोलावले. त्यांच्या कारकिर्दीत मुंबईने २०२२ मध्ये सय्यद मुश्ताक अली करंडक प्रथमच जिंकला. त्याच वर्षी जूनमध्ये बंगळुरूत रणजीचा अंतिम सामना झाला आणि त्यात मध्य प्रदेशने मुंबईला हरवून पहिला करंडक मिळवला. मध्य प्रदेशचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. पंडितही आचरेकरांचे शिष्य आणि तेही मुंबई सोडून मध्य प्रदेशकडून खेळलेले. १९९८-९९ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील मध्य प्रदेशचा संघ याच मैदानावर अंतिम सामना हरला होता. शिवाजी पार्कवरच्या एकाच गुरूचे दोन शिष्य दोन राज्यांचे प्रशिक्षक म्हणून समोरासमोर उभे होते. घराबाहेर पडलेली विद्या किती दूर पोहोचते, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुझुमदार भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्या डिसेंबरात इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मायदेशातील दोन्ही कसोटी भारताने जिंकल्या. २०२५ च्या विश्वचषकात मात्र दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून भारत साखळीत ओळीने तीन सामने हरला. टीका सुरू झाली. २००६-०७ चा रणजी मोसम ज्यांना आठवत होता त्यांना या परिस्थितीची ओळख पटली असेल. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे लक्ष्य जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांच्या जोरावर गाठले गेले. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी मात करताना ८७ धावा केल्या त्या शफाली वर्माने. मूळ संघात तिचे नाव नव्हते. प्रतिका रावळ जायबंदी झाल्याने तिला आयत्या वेळी बोलावण्यात आले होते. बाहेर बसून वाट पाहणे म्हणजे काय, हे तिच्या प्रशिक्षकाइतके कोणाला ठाऊक असणार?

आपल्याकडे खेळाडूने संघ सोडला की निष्ठेचा प्रश्न उपस्थित होतो. ज्या माणसाने पंधरा वर्षे दिली त्याला संघ जागा देत नसेल, तर त्याने घरी बसावे ही अपेक्षा निष्ठेची नसून सोयीची असते. मुझुमदार आसामला गेले नसते तर पस्तिशीत त्यांची बॅट थांबली असती आणि क्रिकेटच्या इतिहासात पॅड बांधून बसलेला मुलगा एवढीच त्यांची नोंद राहिली असती. रमाकांत आचरेकर २ जानेवारी २०१९ रोजी निवर्तले; विश्वचषकाची ती रात्र त्यांना पाहता आली नाही. पण शिष्याने एका जागी ताटकळत बसण्यापेक्षा कुठल्या तरी मैदानावर, कुठल्या तरी संघातून सामना खेळत राहावे, हाच त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता. मुंबईबाहेरच्या त्या वर्षांत त्यांच्या शिष्याने तेच केले.